शटरच्या उजव्या कोपऱ्यातले नाव

उस्ताद शेख गफूर शेख महेबूब यांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लेख मागताना समितीतल्या मंडळींनी मला मोठ्या प्रेमाने एक सूचना केली होती. "उस्तादांच्या कलेवर लिहा, स्वभावावर लिहा. ते गेमचं प्रकरण तेवढं टाळा." मी मान डोलावली. घरी येऊन लिहायला बसले आणि लक्षात आले, की ते प्रकरण वगळले तर माझा लेख अर्ध्या पानात संपतो. त्या प्रकरणाला आता वर्ष होऊन गेले. तेव्हा समितीची आधीच क्षमा मागते आणि सगळेच लिहिते.

उस्तादांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. मी नुकतीच बारावी झाले होते. आमच्या तांड्यावर वडिलांनी पिठाची गिरणी टाकली होती आणि तिचा पत्र्याचा बोर्ड वारंगा फाट्यावर 'गफूर आर्ट'मध्ये रंगवायला दिला होता. बोर्ड आणायला मला पाठवले. उस्ताद स्टुलावर बसून रॉकेलमध्ये ब्रश धूत होते. बोर्ड झकास झाला होता, पण मी त्याच्याकडे बघतच राहिले. वरच्या ओळीतल्या अक्षरांची सावली उजवीकडे पडली होती आणि खालच्या ओळीतल्या अक्षरांची डावीकडे.

"मी हा बोर्ड नेत न्हाई," मी म्हणाले.

"काहून?"

"वरच्या ओळीला ऊन इकडून येऊन राहिलं अन् खालच्या ओळीला तिकडून. आमच्या तांड्यावर सूर्य एकच हाय."

दुकानातल्या दोन-तीन गिऱ्हाइकांनी माना वळवून माझ्याकडे पाहिले. गफूर पेंटरांना असे बोलणारे फाट्यावर कोणी नव्हते. जवळा बाजारच्या कापूस व्यापाऱ्यांपासून औंढ्याच्या प्रसादाच्या दुकानांपर्यंत निम्म्या जिल्ह्याची अक्षरे त्यांच्या हातची. उस्ताद उठले, बोर्डासमोर उभे राहिले, मान तिरकी करून बराच वेळ पाहत राहिले.

"बराबर हाय," ते म्हणाले. "पोरी, बराबर हाय. तीस सालात मला असं कोणी बोललं न्हाई."

आणि त्यांनी रॉकेलचा बोळा घेऊन ती सगळी खालची ओळ माझ्यादेखत पुसून टाकली. मी हादरलेच. मला वाटले होते, दोन शिव्या खाऊन बोर्ड उचलावा लागेल. ती ओळ त्यांनी पुन्हा रंगवली, मी दोन तास बाकावर बसून पाहिली. सगळे झाल्यावर बारीक ब्रशने उजव्या कोपऱ्यात खाली त्यांनी लिहिले, 'गफूर, वारंगा फाटा'.

माझी जीभ तेव्हाही ताब्यात नव्हती. "गिरणी आमची, अन् नाव तुमचं काहून?"

"मोठेपणासाठी न्हाई टाकत, पोरी. उद्या रंग उडला, अक्षर चुकलं, तर शिव्या कोणाला द्यायच्या हे लोकांना कळाय पाहिजे का न्हाई? ज्यानं रंगवलं त्याचं नाव. सही झाल्याबिगर बोर्ड माझ्या दुकानाबाहेर जात न्हाई." मग ब्रश पुसता पुसता म्हणाले, "डोळा चांगला हाय तुझा. येती का शिकायला?"

मी गेले. दोन वर्षे अक्षरे गिरवली, सावल्या टाकल्या, ट्रकच्या मागच्या फळ्यांवर मोर आणि कमळे काढली. मग फाट्यावर फ्लेक्सचे मशीन आले आणि पत्र्याच्या बोर्डांचे काम पाहता पाहता आटले. उस्तादांनी तक्रार केली नाही. ते ट्रक रंगवत राहिले.

याच सुमारास संतोष कदम पुण्याहून परत आला. संतोष हा उस्तादांचा माझ्या आधीचा शागीर्द. पुण्यात एका कंपनीत तो व्हिडिओ गेमसाठी चित्रे करायचा. भाडे आणि डबा यातच पगार सरतो म्हणून वैतागून गावी आला, आणि फाट्यावरच्या टायरच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन त्याने सहा कॉम्प्युटर मांडले. त्याने मला काम समजावून सांगितले, तेव्हा मी त्याला वेड्यात काढले होते. परदेशातली कंपनी गेम रचते. त्या गेममध्ये एखादे पडके शहर असते. त्या शहरात हजारो दारे, पिंपे, शटर, चाके, खांब लागतात. ते बनवायचे काम ती कंपनी बाहेर देते, हैदराबादची एक कंपनी ते घेते, आणि त्यातला काही भाग ती आपल्यासारख्या खोल्यांना वाटते. म्हणजे साता समुद्रापलीकडच्या गेममधल्या रस्त्यावरचे शटर वारंगा फाट्यावर, टायरवाल्याच्या डोक्यावर बसून बनणार होते.

वस्तूचा आकार बनवणे संतोषला येत होते. अडत होते ते वरच्या कातडीपाशी. रंग, ओरखडे, धूळ आणि मुख्य म्हणजे गंज. या कातडीला आम्ही टेक्स्चर म्हणतो. संतोष उस्तादांकडे गेला आणि म्हणाला, "उस्ताद, या पोरांना गंज शिकवा."

पन्नाशी उलटलेल्या उस्तादांनी कॉम्प्युटरचा पेन हातात घेतला तो दिवस खोलीतले कोणी विसरणार नाही. ते एक रेघ मारायचे आणि सवयीने पेन पायजम्याला पुसायचे. आम्ही हसून हसून लोळलो. पंधरा दिवसांनी त्यांनी रंगवलेला एक पत्र्याचा ड्रम पडद्यावर आला आणि सगळ्यांचे हसू बंद झाले. त्या ड्रमला हात लावला तर बोटाला तांबडे लागेल असे वाटत होते.

आमचा वर्ग भरायचा भंगारच्या दुकानात. उस्ताद आम्हाला तिथे नेऊन एकेका पत्र्यासमोर बसवायचे. "गंज कुठंबी येत न्हाई. पाणी कुठं थांबते ते पहा. खिळ्याच्या भोकापाशी थांबते, घडीपाशी थांबते. तिथून सुरू होते अन् खाली उतरते. वर चढलेला गंज मला दाखवा, मी दुकान बंद करतो." पत्र्यावर बोट फिरवायला लावायचे, डोळे मिटून कड ओळखायला लावायचे. नाजमीन नावाची आमची सोबतीण तर पुढे नुसत्या वासावरून जुना आणि नवा गंज ओळखू लागली. निदान तसे ती सांगायची.

माझ्या घरी मात्र विरोध होता. पोरीने टायरच्या दुकानावर जाऊन दिवसभर काय करायचे, असे वडिलांचे म्हणणे. उस्ताद स्वतः तांड्यावर आले. गिरणीचा बोर्ड उन्हाने फिका पडला होता, तो त्यांनी उतरवायला लावला आणि अंगणात बसून पुन्हा रंगवायला घेतला. वडील शेजारी बसले. त्यांनी विचारले, "महिना किती देतेत पोरीला?"

"कमी देतेत," उस्ताद म्हणाले. "खोटं न्हाई सांगणार. पण हात तयार होईल तिचा. तो कोणी काढून घेत न्हाई."

वडिलांना जास्त पगाराची थाप ऐकायची सवय होती. खरे ऐकून ते गडबडले आणि त्याच गडबडीत हो म्हणून बसले.

खोलीचा एक नियम बोर्डाच्या दुकानातूनच आला होता. वस्तू कोणीही बनवो, शेवटचा हात उस्तादांचा. सगळे झाले की फाइल त्यांच्याकडे जायची, ते कुठे थोडी धूळ वाढवत, कुठे एखादा डाग पुसत, आणि मग ती हैदराबादला जायची. सहीचा प्रश्न पहिल्याच महिन्यात निघाला होता. संतोषने सांगितले, की करारात स्पष्ट लिहिले आहे, वस्तूवर कोणाचे नाव, खूण, काही चालणार नाही. गेमच्या शेवटी कामगारांच्या नावांची लांबलचक यादी येते, तिच्यातही आपण नसणार. हैदराबादच्या कंपनीचे नाव एका ओळीत येईल, आले तर.

उस्तादांना हे समजेचना. "मग बिघडलं तर कोणाला विचारतेत?"

"कंपनीला."

"कंपनीनं रंगवलं का?"

ते तीन दिवस खोलीवर आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, पेन उचलला, कामाला लागले. आम्हाला वाटले, त्यांनी पटवून घेतले. आम्ही किती बावळट होतो हे पुढे कळणार होते.

चार वर्षांनी मी खोली सोडली. हे लिहायला जड जाते, पण लिहायलाच हवे. हैदराबादच्या त्याच कंपनीने मला तिप्पट पगार देऊ केला. काम तपासनिसाचे, खोल्या-खोल्यांतून आलेल्या वस्तू पाहून पास करायच्या. संतोषला तिप्पट देणे शक्य नव्हते. त्याला स्वतःलाच महिनोन् महिने काही उरत नसे. जाण्याच्या दिवशी माझ्या हातात एक शटर होते, पडक्या दुकानाचे. गंज तेवढा बाकी होता. मी तो तसाच टाकून निघाले. उस्ताद खाली रस्त्यापर्यंत आले.

"उस्ताद, राग आला का?"

"राग कायचा? पगार बी इज्जतच हाय, पोरी. जा. तब्येतीला जप."

हैदराबादला पहिला धक्का महिन्याभरात बसला. एका मीटिंगमध्ये पडद्यावर चुकून दरांचा तक्ता उघडला गेला. मिटायच्या आत मी एक ओळ वाचली. एका गंजलेल्या दारासाठी आमची कंपनी परदेशातून जे घेत होती, त्यात आमच्या खोलीतल्या दोघांचा महिन्याचा पगार निघाला असता. आम्ही आठवड्याला अशी चार-पाच दारे करत होतो. शेजारच्या मुलाला मी हळूच विचारले, तर तो म्हणाला, "हे तर काहीच नाही, परदेशातला माणूस हेच दार बनवतो तेव्हा त्याला किती पडतात ते ऐकलंस तर जेवण जाणार नाही." मी ऐकले नाही. जेवण तसेही गेले नाही. आणि ही गोष्ट मी फाट्यावर कोणाला सांगितलीही नाही, कारण माझा तिप्पट पगार त्याच फरकातून येत होता.

दोन वर्षांनी तो पडक्या शहराचा गेम बाजारात आला आणि गाजला. कंपनीत केक कापला. त्यानंतर आठवड्याभराने मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावले. परदेशात कोणा खेळणाऱ्याने गेममधल्या एका शटरचा फोटो खूप मोठा करून इंटरनेटवर टाकला होता आणि विचारले होते, की हे डाग आहेत की अक्षरे? मॅनेजर म्हणाले, "तू त्या भागातली आहेस. वाचून सांग."

पडद्यावर शटरचा उजवा खालचा कोपरा होता. खिळ्याच्या भोकातून गंज खाली उतरला होता, आणि उतरता उतरता त्याने लिहिले होते, 'निर्मला, वारंगा फाटा'.

निर्मला म्हणजे मी. ते शटर माझे होते, मी अर्धवट टाकून आलेले. गंज उस्तादांनी पुरा केला होता आणि ज्याने रंगवले त्याचे नाव, या नियमाने त्यात माझे नाव टाकले होते. त्याहून भयंकर गोष्ट मला त्याच क्षणी आठवली. ते शटर फाट्यावरून आले तेव्हा ते तपासून पास मीच केले होते. स्वतःचे नाव मला दिसले नव्हते. फाइलचे वजन किती, माप बरोबर आहे का, एवढेच पाहायचे मला वळण लागले होते. ज्या डोळ्यासाठी उस्तादांनी मला उचलले, तो डोळा मी कुठल्या कुठे घालवून बसले होते.

"काय लिहिलंय?" मॅनेजरांनी विचारले.

मी म्हणाले, "गंजाचे डाग आहेत, सर."

हे मी बोलले. गौरवग्रंथात असे लिहीत नाहीत हे मला माहीत आहे, पण उस्तादांच्या शागिर्दाने असे म्हटले होते आणि ते इथे नोंदलेले असावे.

डागांची थाप संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. मराठी वाचणारी माणसे जगभर आहेत. एकाने वाचले, मग शेकडो लोक शोधायला लागले आणि शहरभर नावे सापडू लागली. ड्रमवर नाजमीन. विजेच्या खांबावर संतोष. एका मोडक्या दारावर, दुसऱ्या दारावर, पाण्याच्या टाकीच्या पोटाखाली. आमच्या खोलीतून गेलेल्या प्रत्येक वस्तूवर ती बनवणाऱ्याचे नाव आणि गाव होते. सहा वर्षे उस्ताद शेवटचा हात फिरवताना हेच करत होते आणि आम्हा कोणालाही पत्ता नव्हता. त्या ओसाड परदेशी शहरात आमची सगळी माणसे राहत होती.

करार मोडला होता. परदेशी कंपनी भडकली, आमची कंपनी घाबरली. फाट्यावरच्या खोलीचे काम त्याच दिवशी थांबवले. मला पुन्हा पुन्हा विचारले जात होते, हे कोणी केले, तुला माहीत होते का, तूच आतून साथ दिलीस का? मी तोंड उघडत नव्हते. खरे सांगायचे तर मला नोकरी हवी होती.

तिसऱ्या दिवशी संतोषच्या मेलवरून एका पत्राचा फोटो आला. कागदावर उस्तादांची बोर्डावरची अक्षरे, सावलीसकट. मॅनेजरांनी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बसवले आणि मला म्हणाले, "हे मोठ्याने वाच आणि आम्हाला इंग्रजीत सांग."

मी वाचले. ते पत्र माझ्यापाशी आहे, तसेच उतरवते.

"मॅनेजर साहेबांना शेख गफूर पेंटरचा सलाम. ती सगळी नावं माझ्या हातची हायेत. पोरांना ठाऊक न्हाई, संतोषला बी न्हाई. निर्मला तुमच्यापाशी हाय, तिला बोल लावू नका, तिनं काम सोडल्यावर मी तिचं नाव टाकलं. चोरी म्हणून न्हाई टाकलं. आमच्यात ज्यानं रंगवलं त्याचं नाव ऱ्हाते. काम वाईट असंल तर ज्याचं नाव हाय त्याला बोला. काम चांगलं असंल तर बी त्यालाच बोला. तुमाला तकलीफ झाली, माफी करा. दंड माझ्या नावानं लावा. खाली सही केली हाय."

आणि खाली उजव्या कोपऱ्यात, 'गफूर, वारंगा फाटा'.

इंग्रजीत सांगताना "चांगलं असंल तर बी त्यालाच बोला" या वाक्यापाशी मी थांबले. तेव्हा कुठे मी म्हणाले, "ते शटर मी केलंय. नाव माझंच आहे. पहिल्या दिवशी मी खोटं बोलले." पुढच्या आठवड्यात माझी नोकरी संपली. मला काढले की मी सोडली, यावर आमच्या तांड्यावर अजून दोन मते आहेत.

फाट्यावर बसमधून उतरले तेव्हा उस्ताद एका ट्रकची मागची फळी रंगवत होते. मी मनात ठरवून आले होते, पाय धरायचे, माफी मागायची. त्यांनी मला पाहिले आणि त्यांच्या हातातला ब्रश खाली पडला. इतक्या वर्षांत मी त्यांच्या हातून ब्रश पडलेला पाहिला नव्हता.

"माझ्यानं तुझी नोकरी गेली, पोरी," ते म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.

उस्तादांनी माझ्यापुढे हात जोडले. तो धक्का त्या तक्त्यापेक्षा, त्या शटरपेक्षा मोठा होता. मी ते हात धरले. रंगाने चिकट होते.

"मला वाटलं, एवढं बारीक दुनियेत कोणी पाहतच न्हाई," ते म्हणाले. "चल घरी, तुझ्या चाचीनं भाकरी टाकली असंल. जेवलीस का?"

उस्तादांचे चुकले, हेही मला म्हणायचे आहे. खोली बंद पडली, सहा घरांचे उत्पन्न बुडाले. संतोष तर महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हता, आणि त्याचा राग खोटा नव्हता. उस्तादांनी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. ट्रक रंगवून मिळालेले पैसे तीन महिने खोलीच्या भाड्यासाठी संतोषच्या टेबलावर ठेवून ते न बोलता निघून जायचे. चौथ्या महिन्यात संतोष जिन्यात त्यांना आडवा झाला आणि म्हणाला, "उस्ताद, वर या. एक मेल आलाय."

परदेशातल्या तिघा मित्रांची लहानशी कंपनी होती. त्यांनी ती नावे पाहिली होती आणि 'वारंगा फाटा' नकाशावर शोधून काढले होते. त्यांना गंज हवा होता, आणि मधे कोणी नको होते. काम फार मोठे नाही. हैदराबादच्या पगाराची बरोबरी आजही होत नाही. नाजमीन परवाच पुण्याला गेली आणि आणखी एक जण तयारीत आहे. आम्ही चौघे उरलो आहोत. पण आता जाणाऱ्या माणसाला उस्ताद शेवटच्या दिवशी खुर्चीत बसवतात, पेन हातात देतात आणि म्हणतात, "सही करून जा." गेमच्या शेवटच्या यादीतही नावे येणार आहेत. तसे आता करारातच लिहिले आहे, आणि ते कलम संतोषने उस्तादांना तीनदा वाचून दाखवले.

शेवटची एक गोष्ट सांगते आणि थांबते. त्या गाजलेल्या गेममधली आमची सगळी नावे कंपनीने नंतर पुसली. गेम नवा करून पुन्हा पाठवला. मी ते शटर उघडून उस्तादांना दाखवले. माझ्या नावाच्या जागी नवा गंज होता, घाईने फासलेला, खालून वर चढलेला. मला संताप आला. मी म्हणाले, "पहा उस्ताद, गंज वर चढवलाय. काय ही कामाची रीत!"

उस्ताद पडद्याजवळ वाकले. चष्मा वर करून त्यांनी त्या कोपऱ्याकडे पाहिले, कितीतरी वेळ.

"हे पुसायला बी कोणीतरी बसलं असंल," ते म्हणाले. "असंल कुठल्या तरी गावचं लेकरू, अशाच एखाद्या खोलीत. त्याला गंज कोणी शिकवला न्हाई. अन् त्याचं बी नाव न्हाई, पहा."

त्या माणसाची कीव करणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो आमच्या फाट्यावर राहतो.

उस्ताद, आपल्या एकसष्टीचा फ्लेक्स फाट्यावर लागला तेव्हा आपण फोटोकडे न बघता आधी उजवा खालचा कोपरा शोधलात आणि "कोणी केलं हे? नाव न्हाई" म्हणालात, ते मी मागे उभी राहून ऐकले. आपला हात असाच स्थिर राहो, डोळ्याला चष्म्याहून जास्त काही न लागो, गुडघे जिना चढत राहोत. आपण शंभरी पाहावी, आणि शेवटचा हात आमच्या प्रत्येक कामावर आपलाच फिरावा. आपण शिकवलेल्या नियमाप्रमाणे हा लेख बिगरसहीचा बाहेर जाऊ देत नाही. यात काही चुकले असेल तर बोल कोणाला लावायचा, ते खाली उजव्या कोपऱ्यात लिहिले आहे.

निर्मला, वारंगा फाटा